चार एल्बो

बोअरपासून नवतीपर्यंत आमची पाइपलाइन
अकराशे फूट सरळ येते
आणि उंबराजवळ एकदम बाजूला होते,
वाटेत कुणी वडीलधारं बसलेलं दिसावं तशी.

तिथं जुनी विहीर आहे. आत आता पारवे राहतात.
तळाशी कुणाची तरी बादली पडलीय,
तिचा लाल रंग फक्त भर दुपारी दिसतो.
काठावर सात दगड,
शेंदूर खाऊन खाऊन गोल झालेले.
आसरा.
आई दर शुक्रवारी त्यांना दहीभात नेते,
वर्षातून एकदा हिरव्या बांगड्या, लहान मुलीच्या मापाच्या,
एक फणी, काजळाची डबी.
मी एकदा म्हटलं,
पाणीच आटलं तर ह्या कशाला थांबतील इथं?
आई भाताचे सात घास करत होती.
वर न बघता म्हणाली,
"तू नाही थांबली का?"

आप्पांचं देवाशी बोलणं
फैजपूरच्या दुकानदाराशी असतं तेवढंच.
भाव विचारला. पटला नाही. निघाले.

लाइन टाकली तेव्हा अखाजी तीन दिवसांवर होती.
वारा असा की केळीची पानं
फाटून फाटून झिरमिळ्या झालेली.
जेसीबीवर पालकडचा गुमान बारेला.
सरळ चर ओढत आला
आणि दगडांपाशी थांबला, बकेट हवेत तशीच.
खाली उतरला. चप्पल काढली. परत घातली.
"हे तुम्ही उचला, मालक. मी नाही उचलणार."

मशीन तासाला बाराशे रुपये, आणि ते नुसतंच धडधडत होतं.
आप्पांनी घड्याळ बघितलं.
मग दगडांकडे बघितलं, बराच वेळ,
घडाला किती फण्या आहेत ते मोजावं तसं.
आणि बोटानं हवेत एक चौकोन काढला,
एक बाजू उघडी ठेवून.
"असं घे."

मी हिशेब सांगितला.
नाइंटीचे चार एल्बो लागतील, आप्पा.
प्रत्येक वळणावर प्रेशर मरेल,
शेवटच्या ओळींना पाणी कमी पडेल.
"पडू दे. शेवटच्या ओळी आपल्याच आहेत."

त्या वर्षीची वही परवा हाती लागली,
अनुदानाच्या फॉर्मसाठी जुनी बिलं शोधताना.
खत, मजुरी, रावेरच्या बोर्डाचे भाव,
सगळं आप्पांच्या आखूड, उताण्या अक्षरात.
वैशाखाच्या पानावर, खाते: माहेरवाशिणी.
साड्या तीन. सांजोऱ्यांचा रवा पाच किलो.
एल्बो चार, सोल्युशन एक डबी.

साड्या तीन म्हणजे दोन आत्या आणि मी.
मी तेव्हा चार वर्षांपासून इथंच होते,
सातबाऱ्यावर नाही, पण बागेच्या प्रत्येक ओळीत.
तरी माझं नाव त्याच खात्यात.
वाईट वाटावं की नाही, ठरेना.
वही परत फडताळात ठेवली.

ह्या आठवड्यात लाइट रात्री दीडला.
आप्पांचे गुडघे गेल्यापासून स्टार्टर मीच दाबते.
पेटीच्या दारावर आईनं ओढलेली कुंकवाची पाच बोटं,
खाली महावितरणची कवटी.
बटण दाबलं की पाणी सातशे फुटांवरून निघतं,
आधी पाइप खोकतो, मग भरतो,
आणि उंबराजवळ आलं की त्याचा आवाज बदलतो.
मी बॅटरी विझवून ऐकते.

तिसरा एल्बो गळतोय.
फार नाही. दगडांच्या पायाशी तळहाताएवढी ओल,
तिथं हरळी उगवलीय, आणि काल एक बेडूक होता,
एवढ्या कोरड्यात कुठून आला कोण जाणे.
आई म्हणते, त्यांनी त्यांचं पाणी घेतलं.
आप्पा म्हणतात, सोल्युशन कमी लावलं होतं.
दोघं एकाच ताटात कळण्याची भाकरी मोडत हे बोलतात,
भांडत नाहीत.

सोल्युशनची नवी डबी
तीन आठवडे झाले माझ्या पिशवीत आहे.
झाकण अजून उघडलं नाही.