तोंडाची घंटी

सायकल माझी नाही.
वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची अन्विता
नोकरीला हैदराबादला गेली, तेव्हा जिन्याखाली सोडून गेली ती:
जांभळी, पुढे टोपली,
घंटी मोडलेली.

म्हणून मी तोंडानेच वाजवते.
"ट्रिंग ट्रिंग" करते, छप्पन्नाव्या वर्षी,
सिरपूरच्या पाळीवर, रविवारी सकाळी,
जेव्हा अर्धं इंदूर इथे पक्षी बघायला येतं
आणि एकमेकांना बघून परत जातं.

ट्रिंगला कोणी हलत नाही.
"अरे भिया, साइड!" म्हटलं की पाळ दुभंगते.
घरात माझी मराठी, रस्त्यावर ही,
आणि "अगं बाई" फक्त पडताना.

आधी हास्यक्लब लागतो.
वीस जण हात वर करून ठरल्याप्रमाणे हसताहेत.
एक ढोकरी काठावर मान आखडून उभी,
तिला विनोद कळलेला नाही.

मग लग्नाआधीचे फोटो.
मुलीचा लाल झगा वाटेवर दहा फूट सांडलेला.
मी उतरते, सायकल उचलते, ओलांडते.
कुणाच्या तरी जन्मभराच्या अल्बममध्ये
मागे, कडेला,
माझी टोपली आणि अर्धा पाय राहणार.

मग कॅमेरेवाले, रांगेत, तोफा रोखून.
कुजबुज चालते: अजून आहे म्हणे एक जोडी,
मार्च सरला तरी गेली नाही.
मला दिसतो एक तेलाचा रिकामा डबा,
तरंगणारा,
आणि त्यावर कासव. ऊन खात. मालकीहक्काने.

ग्यारसीलाल शिट्टी फुंकतो.
ब्रेड टाकणाऱ्यांवर फुंकतो, सेल्फीवाल्यांवर फुंकतो,
पाण्यातल्या टिबुकल्या तेवढ्या त्याचं ऐकतात,
टुपकन बुडतात.
"मॅडम, आगे सायकल हाथ में."
हो म्हणते. वळणापर्यंत हातात धरते.

वळणापलीकडे बाभळी.
वाट एका चाकापुरती, खडीची.
आवाज मागे राहतो, पंगतीतून उठून आल्यासारखं वाटतं.
मी पायडल मारते आणि समोरून
एक पोरगा येतो, दहाएक वर्षांचा,
बापाच्या सायकलीवर, दांडीखालून पाय घालून,
तिरका, सुसाट.

मी म्हणते ट्रिंग.
तोही तोंडानेच म्हणतो, ट्रिंग.
त्याचीही मोडलेली.

दोघं ब्रेक दाबतो, आणि आमच्या मधोमध
तिसरी घंटी वाजते.
टिटीव टिटीव टिव, टिटीव टिटीव टिव.
ही मात्र शाबूत.
टिटवी डोक्यावरून झेप घेते, परत येते,
लंगडण्याचं सोंग करत पलीकडे पळते,
इकडे या, मला धरा, मी जायबंदी.

पोरगा फसत नाही.
खाली वाकतो. "आंटी, अंडे."
कुठे? मला नुसती खडी दिसते.
तो बोट दाखवतो, तरी खडी.
मग चार खडे हळूहळू वेगळे होतात,
मातकट, काळे शिंतोडे,
माझ्या पुढच्या चाकापासून वीतभर.

घशात काहीतरी थंड उतरतं.

मागून हास्यक्लब येतोय, आता खरं हसत, चहाकडे निघालेला.
फुरकान (मी नाव विचारलं) त्याची सायकल आडवी घालतो.
मी माझी घालते. जांभळी, काळी, चाकात चाक.
"रास्ता बंद है."
"किसने किया?"
तो माझ्याकडे बघतो. मी म्हणते, "हमने."

ग्यारसीलालला बोलावलं. शिट्टी न वाजवता आला.
विटांचे तुकडे मांडले, चुन्याची रेघ ओढली,
लोकांना बाभळीतून वळवलं.
झगा अडकला. अडकू दे.
टिटवी येऊन बसली तेव्हा
मी हात पाहिले, कोपरापर्यंत वंगण.

परत निघाले तर वाट सगळी खड्यांची.
प्रत्येक खड्याला वळसा घालत गेले,
डावीकडे, उजवीकडे, थांबून, पाय टेकून.
मागे सायकलींची रांग लागली.
कुणीतरी ओरडलं, "आंटीजी, सीधी चलाओ!"