डावीकडची शेवटची पट्टी

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम असला
की कॅसिओ उघडण्याआधी मी तोंडाला रुमाल बांधतो.
पट्ट्यांखाली लग्नसराईचा गाळ:
अक्षता, हळद, चमकी, एकदा नथीची फिरकी,
आणि सगळ्यावर ती लाल पूड.
कार्बनच्या ठिपक्यावर बसली
की मधला पंचम मुका होतो
किंवा, त्याहून वाईट,
बोट उचललं तरी बोलत राहतो.

भटू अहिरेच्या बँडचा कीबोर्ड आला, सोबत पेन ड्राइव्ह.
आत सोमा चौरेची पावरी.
पिंपळनेरच्या वरल्या पाड्यावर
गोठ्यात मोबाइल धरून भरलेली;
सूर सहाच, बाकीचे यंत्रानं ताणून घ्यायचे.
सहाव्यानंतर म्हातारा खोकतो
आणि कुणीतरी म्हणतं, पाणी.

"हाऊ खोकला काढी टाक, भो.
वरातमा लोके हासतस."

काढला.
ओठ मेणाला लागतात तेव्हाची ती फुसफुसही काढली.
सुराचं शेपूट सुराच्या तोंडात दिलं.
आता पट्टीवर पेचकस आडवा ठेवून
मी कटिंग पिऊन आलो,
पावरी वाजतच होती.

तसा सोमाही थांबायचा नाही म्हणे,
डोंगऱ्यादेवाला, रात्रभर, नाकानं हवा ओढत.
पण त्याच्या गालांत हवा कमीजास्त व्हायची,
भरल्या हंड्यातल्या पाण्यासारखा
सूर चालताना हिंदकळायचा.
हा हिंदकळत नव्हता.
समोरच्या आडतीत हमाल शिंकत होते,
सोल्डरचा धूर पंख्यापर्यंत जाऊन वाकत होता,
आणि पावरीला कशाचंच काही नव्हतं.
लाइट गेली तेव्हा कुठे गप्प झाली.

मग मी खोकला परत आणला.
डावीकडच्या शेवटच्या पट्टीवर बसवला.
तिकडे बँडवाल्यांचं बोट जात नाही.
भटूला सांगितलं नाही. पैसे मात्र पुरते घेतले.

परवा वरात दुकानावरून गेली.
कीबोर्डवर नवं पोरगं, मिसरूड न फुटलेलं,
गाडी खड्ड्यात गेली आणि त्याचं कोपर टेकलं.
चार भोंग्यांतून, जनरेटरच्या वरताण,
सोमा चौरे खोकला.
नाचणारे हसले, पोरगं घाबरून कोपर उचलायचंच विसरलं,
म्हणून पुढचाही आवाज आला: पाणी.

डोक्यावर दिव्यांचं झाड घेऊन चाललेल्या बाईनं
मान हलवली नाही, हलवता येत नाही,
वायर मागे गाडीला बांधलेली.
फक्त डोळे फिरवले,
कुणाला हवंय ते बघायला.