अठरा गुण

दुकान ब्यूटमध्ये, टेकडीच्या उतारावर.
खिडकीतून बंद खाणीचा लोखंडी मनोरा दिसतो.
ट्रेगेन्झा काउंटरवर हिरवी बनात अंथरतो.
"कडेनं धर," म्हणतो, "तोंडाला हात नाही लावायचा.
तुझ्या तोंडाला कुणी अनोळखी लावला तर चालेल तुला?"

मी शाळेची बस चालवते. सेहेचाळीस पोरं.
आरशात एका नजरेत कळतं
कोण उभं आहे, कोण रडून आलंय.
मला वाटलं, डोळा तयार आहे.

एल्डनमामाच्या तंबाखूच्या डबीतून
चांदीचे सात डॉलर निघाले होते,
काळपट, कडेला निळे-जांभळे, तेल सांडल्यासारखे.
रविवार होता. रेडिओवर बेसबॉल.
बेकिंग सोडा घेतला आणि घासले एकेक,
लख्ख झाले, मोरीच्या नळासारखे.

ट्रेगेन्झानं भिंग लावलं, सातही पालथे केले,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "शंभराहून जास्त वर्षं चढत होता हा रंग.
तू एका चमच्यात उतरवलास."
आता ते चांदीच्या भावाचे. नुसत्या वजनाचे.

मग शिकायला बसले.
आधी झिजतात ते कानावरचे केस.
गालावरचे ओरखडे ही झीज नव्हे;
टांकसाळीच्या थैलीत हजार नाणी
एकमेकांवर आपटत गेली, त्याच्या त्या खुणा.
कधीच न वापरलेल्यालाही मार बसतो,
हे मला नवीन होतं.
नंतर गरुडाची छाती. न्यू ऑर्लिन्सच्या गरुडाला
पिसं मुळातच फिकी, ठसा हलका पडलेला.
जन्माचं पुसट कुठलं आणि जगून पुसट कुठलं,
एवढं ओळखायला एक अख्खा हिवाळा गेला.

गुण सत्तरपैकी देतात.
शंभरपैकी का नाही, मी विचारलं.
"इथे सत्तरच कुणाला मिळत नाहीत,
शंभर घेऊन काय करतेस?"

वही केली. माझ्याकडचं: अठ्ठावन्न.
तसंच दुसऱ्याचं, मला घ्यायचंय ते: चाळीस.
ट्रेगेन्झानं वही वाचली, चष्मा पुसला.
"कमाल आहे. तुझ्या खिशात पडलं
की नाणं अठरा गुणांनी सुधारतं."

मे महिना. ॲनाकोंडात एका गराजसमोर
जुनं सामान मांडलेलं: स्की, पडदे, वॉफलचं यंत्र,
बशीभर बटणं, आणि बटणांत एक डॉलर.
मिलेना ड्रागोविच, ऐंशीच्या पुढची,
पायावर गोधडी, थर्मासमध्ये कॉफी.
"चाळीस द्या त्याचे."

पालथं केलं. पुष्पहाराच्या गाठीखाली
दोन अक्षरं, सी आणि सी. कार्सन सिटी.
साल अठराशे एकोणनव्वद.
अक्षरं मागून चिकटवतात लोक, म्हणून भिंग लावलं.
बोटाच्या टोकावर तोलून टिचकी मारली.
खणखणीत. बटणं गप्प झाल्यासारखी वाटली.

आणि लगेच माझा डोळा उतरू लागला:
केस सपाट, गाल ओरबाडलेला, वीस गुण,
वीस म्हणजे फार झाले.
तिनं तर काहीच विचारलं नव्हतं.
हे सगळं मी मलाच पटवत होते,
आणि मुठीत दोन वीसच्या नोटा ओल्या झाल्या होत्या.

"हे बटणांत ठेवू नका," मी म्हटलं.
आवाज बसमधला निघाला, मागच्या बाकापर्यंत जाणारा.
"आणि चाळीसला कुणालाच देऊ नका. मलासुद्धा.
ब्यूटला ट्रेगेन्झा म्हणून आहे, त्याला दाखवा.
आणि घासू नका."

"घासायला वेळ कुणाला आहे," ती म्हणाली,
आणि माझ्याकडे अशी पाहिली
जसं मीच काहीतरी विकायला आले होते.

वहीत लिहिलं: पस्तीस. मालक ड्रागोविच.
वॉफलचं यंत्र चार डॉलरला आणलं.
ते चालत नाही.