सत्तर सेंटिमीटर

रुईकर कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर,
पीओपीच्या खोबणीखाली दोन दिवस मान वर करून होतो.
खाली शिडी धरून माझा भाचा, सैफन.
धरतो कमी, मोबाइल बघतो जास्त.

मगदूम वहिनी पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"दस्तगीरभाई, एकच सांगते,
दिवा दिसू नये. उजेड दिसावा."

पंचवीस वर्षं मी दिवेच दाखवत आलो.
गंगावेशीत लग्नाच्या माळा,
उद्यमनगरात लेथवर दोनशेचा नागडा बल्ब,
डोळ्यांवर येऊ दे, पण काम दिसू दे.
आता पट्टी अशी लपवायची
की ती छताला सांगेल, छत भिंतीला,
आणि भिंत माणसाला,
वडगावच्या बैलबाजारात
रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतात तसं.

पट्टी कुठंही कापता येत नाही.
तीन दाण्यांमागे एक तांब्याची खूण,
तिच्यावर बारीक कात्री छापलेली.
खूण चुकली की तीन दाणे मेले.
सैफननं पहिल्या दिवशी बारा मारले.
ओरडलो नाही.
माझ्याही हातानं मेलेत,
आणि तेव्हा रोल महाग होता.

संध्याकाळी बटण दाबलं:
ड्रायव्हरजवळ सकाळ, पार टोकाला तिन्हीसांज.
बारा व्होल्टला एवढी दौड झेपत नाही.
दुसऱ्या टोकानं वायर फिरवून आणली,
तेव्हा कुठं सगळीकडं एक वेळ झाली.
मग टीव्हीमागच्या काळ्या काचेत ठिपके दिसले,
ओळीनं, मुंग्या निघाल्यागत.
वहिनी बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या.
पट्टी सोडवली, दीड इंच आत सारली,
वर दुधी झाकण बसवलं.
दोन तास.
असल्या तासांचं बिल होत नाही.

वास्तुशांतीला थांबवून घेतलं, काही बंद पडलं तर म्हणून.
मी मीटरजवळ, टेस्टर खिशात.
दिवेलागणीला उजेड आला
आणि पाहुण्यांच्या माना वर गेल्या, माझ्यासारख्या.
कागलकडच्या एक मावशी म्हणाल्या,
"अगं बाई, किरणोत्सवागत चढतंय की!"
उतरतंय, मी मनात म्हटलं.
पण बरं वाटलं.
"कुणाकडनं केलं?" कुणी विचारलं.
डिझायनरचं नाव सांगितलं गेलं.
सांगलीचा पोरगा. हुशार आहे.
शिडीवर चढत नाही.

शेवटी रोलचे सत्तर सेंटिमीटर उरले,
बेचाळीस दाणे.
"न्या की," वहिनी म्हणाल्या, "इथं काय करायचंय?"
घरी जुन्या राउटरचा अडॅप्टर पडून होता, बाराचाच.
अब्बांच्या कॉटखाली पट्टी चिकटवली,
दाण्यांची तोंडं भिंतीकडं.

एकतीस वर्षं अब्बांनी शिरोलीच्या फाउंड्रीत
लोखंडाचा रस साच्यात ओतला.
उघडा बल्ब तेव्हापासून डोळ्यांत टोचतो,
आणि अंधारात उंबरा पायात येतो.
रात्री तीनदा उठतात, भिंत चाचपत.
मागच्या उन्हाळ्यात अंगठ्याचं नख गेलं,
तरी दिवा लावू देत नव्हते.

दीडच्या सुमारास मला जाग आली.
फरशीवर गुळाच्या रंगाचा उजेड,
चपलांपर्यंत, तांब्यापर्यंत, मोरीच्या दारापर्यंत.
अब्बा कॉटवर बसलेले, पाय त्यात सोडून,
रंकाळ्याच्या पायरीवर बसावं तसे.

"कुठनं येतंय रं हे?"
मी सांगितलं नाही.
त्यांनी वाकून बघितलंही नाही.
"बिल किती येणार?"
"महिन्याला एक चहा."
"कुठल्या हॉटेलातला?"
पाय मात्र बाहेर काढले नाहीत.

टोकाचे तीन दाणे लागत नाहीत.
सैफनची कात्री.
राहू देत.