जर्मन

अकरा वर्षं मी त्याची पाठ पाहिली.
मी गोलकीपर, तो माझ्यापुढचा स्टॉपर.
तोंड तेवढं हाफटाइमला दिसायचं,
लिंबाची फोड चोखताना.
पाठीवर पाच नंबर, त्याच्या आईनं
उशीच्या अभ्र्यातून कापून शिवलेला,
जरा डावीकडे कललेला.

नाव भरमू मुतगेकर. मैदानात जर्मन.
आता ज्या पोरांना तो शिकवतो त्यांना वाटतं
कुठल्याशा वर्ल्ड कपवरून पडलं असेल.
एकानं परवा मोबाइल पुढे केला :
हा बघा सर, जर्मनीचा बॅक,
नंतर कोच झाला, तुमच्यासारखाच.
भरमूनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
'उंच आहे की रे,' म्हणाला.

खरं असं, की त्याची आई खडेबाजारात
जर्मनची भांडी विकायची.
पातेली, डबे, झाकण न बसणाऱ्या किटल्या.
आणि जर्मनला पोचा येतो, तडा जात नाही.
शहापूरच्या एका फॉरवर्डनं त्याला धडकून,
खाली बसल्याबसल्या, हे नाव ठेवलं.

दिवसा उद्यमबागेत फाउंड्री,
भुवया कायम थोड्या जळलेल्या.
भोंग्याला सायकल, साडेपाचला मैदान.
तो काय खेळला ते मला सांगता येत नाही.
जे झालंच नाही ते कसं सांगायचं?
झालेले गोल लोक चहाच्या दुकानात मोजतात.
न झालेले माझ्याकडे होते.
त्यातले बरेच मीही विसरलो.

मग हुबळीची फायनल.
शेवटची सात मिनिटं, शून्य-शून्य,
कडेला खुर्च्यांवर रेल्वेचे दोन साहेब, वहीत नावं टिपत.
उंच बॉल आला. खाली अडिवेप्पा, आमचा लेफ्ट बॅक,
बैलहोंगलचा, चार महिन्यांपूर्वी आलेला.
मी पुढे धावत ओरडलो, 'सोड!'
वारं होतं, लोक होते. स चा ह झाला.
त्याला ऐकू आलं 'होडि'.
कानडीत, मार.
त्यानं मारला.
इतका नेमका फटका त्यानं पुन्हा कधी मारला नसेल.

जाळं हलायचं थांबलं नव्हतं तोवर
भरमू रेफ्रीपुढे उभा, हात वर.
'माझ्या पायाला लागून गेला. पाच नंबर. लिहा.'
धूळ एवढी, की रेफ्रीनं लिहिलं.

अडिवेप्पाला रेल्वे मिळाली.
गदगला टीसी होता. नातवंडांचे फोटो पाठवतो.
आणि भरमूच्या नावावर असोसिएशनच्या रजिस्टरात
सगळ्या हयातीत एकच गोल आहे,
आपल्याच जाळ्यात,
तोही त्याचा नव्हे.

गुडघा गेला त्या साली दवाखान्याच्या बाकावर
विचारलं होतं मी, का म्हणून.
'माझ्या मागं गेला न्हवं बॉल? मग माझाच.'
आणि कंपाउंडरला हाक मारली, पंखा लाव की म्हणून.
मी काय ओरडलो होतो ते
मी त्याला कधी सांगितलं नाही.
त्याला ठाऊक असणार. ती पाठ ऐकत असायची.

आता त्याच्या कोचिंगला
पहिली दहा मिनिटं बॉलच नसतो.
पोरं रिंगण करून उभी, वडगावची, अनगोळची, गांधीनगरची,
आणि तो एकेक शब्द मध्ये टाकतो.
सोड. बिडु. छोड दे.
मार. होडि.
मराठीनं कानडीत ओरडायचं, कानडीनं मराठीत,
आधी वाऱ्याकडे तोंड करून, मग पाठ करून.
रस्त्यानं जाणारे थांबतात,
आज कुणाचा मोर्चा आहे ते बघायला.

मी संध्याकाळी जातो, बसतो गोलच्या मागे,
सवयीनं. तो आता कडेला उभा असतो, बाजूनं दिसतो.
त्याचं नाक असं आहे हे मला माहीत नव्हतं.

काल एका उंच बॉलवर बारका कीपर ओरडला,
दोन्ही भाषा एकदमच, भलतंच काहीतरी.
बॅकनं सोडला.
बॉल अलगद कीपरच्या पोटाशी.
खेळ चालूच होता, आणि भरमूनं वळून
सरळ माझ्याकडे बघितलं.
अकरा वर्षांत असं कधी केलं नव्हतं त्यानं.

मी खाली वाकून
चपलेतला खडा काढत राहिलो.