एक टिंब कमी

शाळेच्या दाखल्यावर बाबा 'रगारी' आहेत.
कारकुनाच्या निबातली शाई संपत आली असेल,
किंवा त्याला जेवायला जायचं असेल.
एकसष्ट सालचं ते टिंब
माझ्या जात पडताळणीत आडवं आलं.

सिव्हिल लाइन्सच्या खिडकीतली बाई म्हणाली,
"यांच्यात रगारी, तुमच्यात रंगारी.
दोन वेगळे माणसं होऊन राहिले न मॅडम."
मी मराठी शिकवते. मला ते थोडं पटलंही.
'वंश'वरचं टिंब काढा, उरतं 'वश',
हे मीच सांगते सातवी ब ला.

बाबा बाहेर बाकावर.
नखांच्या कडेला अजून सीताबर्डीचा निळा इनॅमल.
'दुध' लिहून मागणाऱ्याला त्यांनी 'दूध' लिहून दिलं,
पैसे तेवढेच घेतले.
कॉटन मार्केटच्या एका शटरवर हिंदीतला 'ज़' आला,
तर विचारून आले, खाली टिंब काऊन देतात म्हणून.
"आपल्यात डोक्यावर, त्यांच्यात पायाशी.
टिंबालेही जागा ठरवून देतेत, बाप्पा."

चौथीत असताना, त्यांची शिडी धरून,
मी विचारलं होतं:
रंगारी सामान्यनाम का विशेषनाम?
गृहपाठ होता, शब्दांच्या जाती ओळखा.
ते वरूनच म्हणाले,
"शिडीवर हाओ तोवर सामान्य.
पाटी झाली, कोपऱ्यात नाव टाकलं, का विशेष."
तेच लिहून नेलं. बाईंनी लाल फुली मारली.

शब्दांच्या जाती आठ.
फॉर्मवर रकाने जास्त.
शब्दाला निदान वाक्य बदललं की सुटता येतं:
'वर' कधी क्रियाविशेषण, कधी शब्दयोगी,
कधी घोड्यावर बसलेला नवरा.
आजोबांनी तर छप्पनच्या ऑक्टोबरात
अख्खं वाक्यच बदललं.
तरी रकाना मागून आला
आणि चिकटला.

"दोन्ही नावं एकाच इसमाची,
असं प्रतिज्ञापत्र करा," बाई म्हणाली.
झाडाखालच्या टायपिस्टनं ते टाइप केलं,
त्यात 'इसम' ऱ्हस्व का दीर्घ यावर
बाबांनी त्याच्याशी पाच मिनिटं वाद घातला.

मग सही.
त्यांनी पेन झटकला, कागद तिरका केला,
शिडीवर चढण्याआधी भिंत बघावी तसा बघितला.
आधी टिंब दिलं,
कोऱ्या जागेत, एकटंच.
मग त्याच्याखाली
अक्षरं आणली.