पन्नास शब्दांत तलाव

नगरपंचायतीतून फोन आला : सर, आपल्या तलावाचा इतिहास द्या,
पन्नास शब्द. फलक चार बाय तीनचा,
वर कमळाचं चित्र येणार, तेव्हा थोडे कमीच.

मी निवृत्त नकलाकारकून. बोटं शिवशिवतच होती.
कसर लागलेली बंदोबस्ताची मिसल आठवली,
तिच्यातला तलाव, वाळलेल्या कानाच्या आकाराचा,
कडेला शाईत : बांध मातीचा. आंबे सात, मोह तीन.

सुरुवात कुठून करू?
पाळ घालणाऱ्या कोहळ्यापासून,
की त्याच्याही आधीच्या उतारापासून,
जिथून पाणी कुणालाच न विचारता निघून जायचं
आणि एका खोलगटात चार दिवस रेंगाळायचं?
ते रेंगाळणं कुणीतरी पाहिलं.
पावलं टाकत गेला. म्हणाला असेल, इथंच.

मातीच्या टोपल्यांची नोंद नाही.
नोंद आहे ती अशी : मजुरांस गूळ, दोन मण.
हे लिहून घेतलं. शब्द पाच.

मग सलंग, म्हणजे जादा पाणी सोडायची वाट,
मग तुडूम, आणि तुडुमाचा राखणदार,
ज्याला धानाच्या खळ्यावर पायली पायली मिळे.
मग मालगुजारी गेली.
तलाव सरकारचा झाला.
राखणदाराने चावी तहसिलीत जमा केली,
पावती घेतली.
त्या पावतीची नक्कल माझ्याच अक्षरात आहे.

इथवर शब्द एकशे बारा, आणि मासा एकही नाही.

म्हणून सायत्राबाई वलथरेंकडे गेलो.
धिवरांच्या सोसायटीचं सचिवपद त्यांच्याकडे,
ओसरीवर जाळं, जाळ्यात मांजर झोपलेलं.
विचारलं, कोणकोणते मासे होते?
त्या बोटं मोडत म्हणाल्या : मरळ, दाडक, शिंगूर, बोटरी...
मग थांबून :
"मासोरीचं काय पुसता जी, आधी गवताचं पुसा.
देवधान होता, चिऊल होती, पोवन होता.
गवत होता म्हून अंडा होता.
बाहेरचं बीज सोडलं न त्यानं गवतच खाल्लं,
मंग बेशरम आली, ते कोनी खात नाई."

मी लिहीत होतो.
सारस? म्हटलं.
"जोडी होती. बस स्टँडासाठी वरची बांधी भरली,
त्या साली आली, मुरूमावर उभी रायली, गेली."
एवढंच. आवाज जराही न हलवता.

खोली किती लिहू? मिसलीत बारा हात आहे.
"कागदाले काय, तो कोरडाच रायते.
चला, दाखवतो."

आणि मी, बासष्टाव्या वर्षी,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून,
नव्या वॉकिंग ट्रॅकवरून, व्यायामाच्या निळ्या यंत्रांमधून,
विसर्जनाच्या उरलेल्या सुतळ्या ओलांडत पाण्यात उतरलो.
गाळ मऊ, गार, पोटरीपर्यंत ओढणारा.
शेंबड्या पोरांनी ट्रॅकवरून टाळ्या वाजवल्या.
पाणी मांडीपर्यंत. मग तेवढंच. मग तेवढंच.
आठ हात गाळाने भरलाय तलाव,
असा हिशेब मनात मांडत होतो,
तेवढ्यात अंगठ्याला दगड लागला. घडीव.
मधोमध भोक. भोकात पाय गेला.

"तुडूम हाये तो," त्या काठावरून म्हणाल्या,
"माहा आजा ततंच बसे."

कितीतरी वेळ मी तसाच उभा.
टाचेखालून थंड पाण्याची एक बारीक धार
अजून कुठेतरी जात होती,
जिथं शेतं नाहीत आता, मंगल कार्यालय आहे.

फलक लागला. शब्द अठ्ठेचाळीस.
गूळ बसला. पोवन बसला, चित्रकाराने त्याला गुलाबी केलं.
खोलीसमोर मी जागा कोरी सोडली होती,
साहेबांना वाटलं छपाई राहिली,
त्यांनी भरून टाकलं : बारा हात.

सायत्राबाई आता पावसाळ्याआधी
बायका घेऊन उतरतात, बेशरम उपटतात,
दुसऱ्या गावच्या बोडीतून आणलेली चिऊल
मुळाशी मातीचा गोळा बांधून रोवतात.
परवा मला एक टोपली धरायला दिली.
जड होती.
गुळाचं मी काही बोललो नाही,
पण पुढच्या खेपेला खिशात घेऊन गेलो.